जेवणानंतर तीन तासांनी

सकाळपासून पोटात काही नसलं तरी मी दुपारपर्यंत नीट काम करू शकते. मला त्रास होतो तो खाण्याचा. तोही खाल्ल्या खाल्ल्या नाही. तेव्हा छान तरतरी असते. पांढऱ्या पावाला जॅम लावून खाल्ला, वर ग्लासभर फळांचा रस घेतला, की तासभर जगातली सगळी कामं आपणच उरकणार असं वाटतं. मग अडीच-तीन तासांनी कपाळ ओलं होतं, बोटं थरथरू लागतात, छातीत धडधडतं. समोरचा बोलतोय ते ऐकू येतं, पण डोक्यात शिरत नाही. कुणी साधा प्रश्न विचारला तरी अंगावर धावून जावंसं वाटतं. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात ओसरतं आणि मागे राहतो थकवा. तो मात्र संध्याकाळपर्यंत मुक्काम ठोकून बसतो.

"सकाळी पोटभर खाल्लंस ना? मग लगेच कशी गळून जातेस?" आईचा हा प्रश्न अगदी रास्त होता. खाल्लं की शक्ती येते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो. खाऊनच शक्ती जाते असं कुणी म्हटलं तर ऐकणारा आधी त्या माणसाच्या स्वभावाकडे बघतो. आळशी असेल, नाजूक असेल, कामाचा कंटाळा असेल. मी चिडकी म्हणून प्रसिद्ध होते. माझ्या चिडण्याला घड्याळ आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

वैद्यकशास्त्रात याला रिअ‍ॅक्टिव्ह हायपोग्लायसेमिया म्हणतात. खाण्यानंतर, बहुधा चार तासांच्या आत, रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली घसरणं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांची साखर उतरते ती वेगळी, तिचं कारण ते औषध असतं. इथे औषध नसतं, इन्सुलिनचं इंजेक्शन नसतं. आपलंच स्वादुपिंड, आपलंच इन्सुलिन, आणि आपणच खाल्लेला घास.

हे कसं होतं ते समजून घेताना मला सगळ्यात जास्त आश्चर्य एका साध्या हिशेबाचं वाटलं. निरोगी माणसाच्या रक्तात एका वेळी साखर असते तरी किती? उपाशीपोटी दर डेसिलिटरला साधारण ९० मिलिग्रॅम धरा आणि अंगातलं रक्त पाच लिटर धरा. उत्तर येतं साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा. संपूर्ण शरीरात, डोक्यापासून पायापर्यंत फिरणाऱ्या रक्तात, एका क्षणी एवढीच साखर असते आणि ती एवढीच राहावी यासाठी शरीराची अखंड धडपड चालते. कारण मेंदू वजनाने शरीराचा जेमतेम २ टक्के असला तरी स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि त्याचं मुख्य इंधन हीच साखर. आता माझी ती न्याहारी आठवा. पावाचे दोन तुकडे, जॅम, ग्लासभर रस मिळून साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं सहज होतात. ज्या रक्तात एक चमचा मावतो त्यात पंधरा चमचे यायचे आहेत, आणि पाव पांढरा, रस पातळ, म्हणजे पचायला वेळ लागेल असं त्यात काही नाही.

शरीर हे निमूट सोसत नाही. अन्न आतड्यात पोचताच आतडंच पुढे निरोप पाठवतं. जीएलपी-१ आणि जीआयपी या संप्रेरकांचं हे काम. म्हणूनच साखर शिरेतून दिली तर जेवढं इन्सुलिन स्रवतं त्यापेक्षा बरंच जास्त तीच साखर तोंडाने घेतल्यावर स्रवतं. इन्सुलिन आलं की स्नायू आणि चरबीच्या पेशी साखर आत ओढू लागतात, आणि एरवी रक्तात थोडी थोडी साखर सोडणारं यकृत हात आखडता घेतं. रक्तातलं इन्सुलिन काही मिनिटांत निम्मं होतं खरं, पण त्याने पेशींना लावलेलं काम त्यानंतरही चालूच राहतं. इथे घोळ होतो. लगेच पचणारं अन्न लगेच संपतं. आतड्यातून येणारी साखर थांबलेली असते, यकृताने अजून सोडायला सुरुवात केलेली नसते आणि पेशींचं ओढणं सुरूच असतं. साखर मूळच्या पातळीवर येऊन थांबत नाही, तिच्याही खाली जाते.

मग शरीर धोक्याची घंटा वाजवतं. साखर ६५-७०च्या घरात आली की ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरकं वाढू लागतात, यकृताला साठा मोकळा करायला लावतात. घाम, थरथर, धडधड, कासावीस करणारी भूक हे सगळं अ‍ॅड्रेनलिनचं कर्तृत्व. मेंदूला खरोखरच कमी पडू लागलं की लक्षणांची दुसरी तऱ्हा सुरू होते: गोंधळ, अंधुक दिसणं, शब्द न सुचणं. मला हे वाचून विचित्र दिलासा मिळाला. ज्या थरथरीला मी आजार समजत होते ती शरीराने चालवलेली दुरुस्ती होती. काहीही न खाता अर्ध्या-पाऊण तासात बरं का वाटतं, याचंही उत्तर त्यातच होतं.

या गोष्टीचा इतिहास गमतीदार आहे. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला. १९२२मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं. अमेरिकेतल्या अलाबामाचे डॉक्टर सील हॅरिस हे नवं औषध बघायला टोरांटोला गेले होते. इन्सुलिनचा डोस जास्त झालेले मधुमेही कसे घामाघूम होतात, कसे थरथरतात हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना आपल्या दवाखान्यातले काही रुग्ण आठवले. मधुमेह नाही, इन्सुलिन घेतलेलं नाही, तरी तक्रारी ह्याच. मग यांचं शरीर स्वतःच जास्तीचं इन्सुलिन सोडत असेल का? १९२४ साली त्यांनी ही शंका निबंधात मांडली. जास्तीच्या इन्सुलिनचा आजार औषध म्हणून आलेल्या इन्सुलिनमुळे ओळखू यावा, हे मला फार आवडलं.

पुढे मात्र या कल्पनेचं भलतंच झालं. काही दशकांत अमेरिकेत थकवा, उदासी, डोकेदुखी, निद्रानाश, चिडचिड, सगळ्याचं खापर 'लो ब्लड शुगर'वर फुटू लागलं. प्रकरण इतकं वाढलं की १९७३ साली तिथल्या मधुमेह, अंतःस्राव आणि वैद्यक क्षेत्रातल्या तीन मोठ्या संघटनांना मिळून निवेदन काढावं लागलं: असा आजार आहे, पण लोक समजतात तितका तो सर्रास आढळत नाही. तेव्हापासून या विषयावर दोन तट पडले आहेत. एका बाजूला प्रत्येक जांभईत साखरेची घसरण पाहणारे. दुसऱ्या बाजूला "तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत" म्हणून फाइल मिटणारे. माझ्यासारखी माणसं मधल्या चिंचोळ्या वाटेवर उभी असतात आणि खरं सांगायचं तर मला दोन्ही तटांचं म्हणणं थोडं थोडं पटतं.

निदानाची रीत तशी जुनी आणि कडक आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद अ‍ॅलन व्हिपल स्वादुपिंडातल्या इन्सुलिन सोडणाऱ्या गाठींवर शस्त्रक्रिया करत. कुणावर सुरी चालवायची हे ठरवताना चूक परवडणारी नव्हती. म्हणून १९३०च्या दशकात त्यांनी तीन अटी घातल्या. साखर कमी झाल्याची लक्षणं हवीत. नेमकं त्याच वेळी रक्त तपासल्यावर साखर कमी निघायला हवी. आणि साखर वर आणली की लक्षणं जायला हवीत. आजही मधुमेह नसलेल्या माणसात हाच दंडक लावतात. आकडा साधारण ५५च्या खाली यावा लागतो.

माझ्या डॉक्टरांनी पाच तासांची ग्लुकोज चाचणी करायला नकार दिला, तेव्हा मी जरा हिरमुसले. उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दर अर्ध्या तासाने रक्त काढायचं, ही चाचणी मला फार शास्त्रीय वाटत होती. त्यांचं म्हणणं असं की, नुसतं ग्लुकोजचं पाणी कुणी जेवण म्हणून पीत नाही. आणि ठणठणीत माणसांतही अनेकांची साखर त्या पाण्यानंतर ५०च्या आसपास येते, त्यांना काही जाणवतही नाही. मग त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा? त्यापेक्षा नेहमीचं जेवण जेवा आणि त्रास होईल तेव्हा मोजा. दरम्यान त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, कॉर्टिसोल हे सगळं पाहून घेतलं. काही प्रश्नही विचारले. उपाशी असताना, पहाटे, व्यायामानंतर असं होतं का? कधी शुद्ध हरपली का? जठराची शस्त्रक्रिया झाली आहे का? घरात कुणाची मधुमेहाची गोळी चुकून घेतली गेली का? हे प्रश्न कोरड्या औपचारिकतेचे नसतात. उपाशीपोटी साखर उतरत असेल तर ती गोष्टच निराळी, तिथे त्या दुर्मीळ गाठीचा शोध घ्यावा लागतो. वजन कमी करण्यासाठी जठराचा बायपास केलेल्यांमध्ये जेवणानंतरची घसरण खरोखर तीव्र असू शकते. आणि जेवणानंतर चार-पाच तासांनी येणारी घसरण कधी कधी पुढच्या मधुमेहाची चाहूल असते: इन्सुलिन उशिरा येतं आणि आल्यावर जास्त येतं. ज्यांना यातलं काही लागू पडतं त्यांनी माझ्यासारख्या लेख लिहिणारीवर विसंबू नये.

मी मोजत गेले. एकदा ५८ आलं, एकदा ७१. एकदा तर घामाने भिजलेली असताना मीटरवर ८४ दिसले. घरगुती मीटरला १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे होण्याची मुभा मानकांतच दिलेली आहे, म्हणजे माझे ५८ खरे तर ४८ही असतील नि ७०ही. व्हिपलसाहेबांच्या कचेरीत माझा अर्ज नामंजूर झाला असता. डॉक्टरांनी कागदावर काही ठाम लिहिलं नाही. "आकडा काही का असेना, न्याहारी बदलून बघा. यात गमावण्यासारखं काही नाही," एवढं म्हणाले. नाव न मिळालेल्या त्रासावर उपाय करायला मी तयार नव्हते. आधी आजार सिद्ध व्हावा, मग पथ्य, असा माझा हट्ट. तो हट्ट मोडला एका सफरचंदाच्या प्रयोगाने.

१९७७ साली 'द लॅन्सेट'मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांचा एक छोटा निबंध आला. दहा निरोगी माणसं. खायला सफरचंद, पण तीन रूपांत: अख्खं, लगदा करून आणि चोथा काढलेला रस. प्रत्येक वेळी कर्बोदकं मोजून ६० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा किलो फळ. आधी त्यांनी वेळ मोजली. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने पोटात गेला. कुणी म्हणेल, मग वेगाचाच फरक. म्हणून त्यांनी तिन्ही रूपं सारख्याच गतीने घ्यायला लावली. तरी पोट भरल्याचं समाधान अख्ख्या फळाने सर्वांत जास्त दिलं, रसाने सर्वांत कमी. साखर चढली ती तिन्हींत जवळपास सारखीच. इथपर्यंत वाचून वाटतं, झालं, फरक काहीच नाही. पण पुढे बघा. रसानंतर साखर धाडकन खाली आली, पहिल्यापेक्षाही खाली. लगद्यानंतर थोडी कमी घसरली. अख्ख्या सफरचंदानंतर ती घसरण दिसलीच नाही. इन्सुलिनही रसाने आणि लगद्याने जास्त चढलं होतं.

हा निबंध मी कितीतरी वेळा वाचला. फळ तेच, साखर तीच, माणसं निरोगी. बदललं होतं ते फक्त फळाचं अंग, त्याचे शाबूत तंतू. आणि तेवढ्यावर उतार ठरला. म्हणजे मला आजार आहे की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी, रसाचा ग्लास रिकामा करणाऱ्या कुठल्याही माणसाच्या रक्तात ही घसरगुंडी तयार होते. कुणाला ती जाणवत नाही, मला जाणवते. माझा शरीरधर्म वेगळा असेल किंवा माझी घंटा जास्त लवकर वाजत असेल, पण घसरगुंडी बांधायचं साहित्य ताटातूनच येतं. त्या दिवसापासून मी उताराकडे बघायचं सोडलं आणि चढाकडे बघू लागले. मुसळधार सर वाहून जाते आणि रिपरिप जमिनीत मुरते, तसं अन्न रक्तात मुरायला हवं.

त्यामुळे माझं पथ्य बंदीपेक्षा वेगाशी जास्त जोडलेलं आहे. सर्वांत मोठा बदल न्याहारीत झाला. तिच्यात आता प्रथिनं आधी ठरतात: अंडी, किंवा गोड न केलेलं दही, किंवा उकडलेली कडधान्यं, जोडीला मूठभर दाणे-बदाम. त्यानंतर भरड धान्याचं काहीतरी, थोडं. यात नवं काही नाही. जेरोम कॉन या अमेरिकन डॉक्टरांनी १९३६ सालीच अशा रुग्णांसाठी भरपूर प्रथिनांच्या आहाराची शिफारस केली होती. हेच कॉन पुढे अ‍ॅल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या आजारामुळे प्रसिद्ध झाले, तो आजार त्यांच्या नावाने ओळखतात. प्रथिनांतून शरीर लागेल तशी सावकाश साखर घडवू शकतं, एकदम लोंढा येत नाही. रस पूर्ण बंद, फळ मात्र चावून, शक्य तिथे सालासकट. पिण्यातून गोड काहीही नाही, हा एक नियम मी कडक पाळते. बाकी सगळ्यांत ढील देते.

ताटातल्या क्रमाचा प्रयोग मला आधी नखरा वाटला होता. २०१५ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेह असलेल्या अकरा जणांना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं. एकदा पाव आणि रस आधी, भाजी-मांस नंतर. दुसऱ्यांदा उलट. भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ल्यावर तासाभराने मोजलेली साखर एक तृतीयांशाहून अधिक कमी निघाली. माणसं फक्त अकरा, तीही मधुमेही, त्यामुळे माझ्यावर ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण क्रम बदलायला खर्च नाही, कष्ट नाहीत. आधी भाजी आणि डाळ, भात शेवटी. गोड खायचंच असेल तर जेवणाच्या अखेरीला, रिकाम्या पोटी कधीच नाही. केकचा तोच तुकडा दुपारी चारला एकटा खाल्ला तर सहाला माझा निकाल लागतो. जेवणावर खाल्ला तर काही होत नाही.

पदार्थांचे ग्लायसेमिक इंडेक्सचे, म्हणजे कुठला पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचे, तक्ते मी सुरुवातीला पाठ केले होते. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये ही कल्पना आणली. ग्लुकोजला १०० धरायचं, तर पांढरा पाव सत्तरीच्या घरात जातो आणि मसूर तिशीच्या आसपास राहतो. दिशा कळायला तक्ता चांगला. पण तो प्रत्येक पदार्थ एकटा खाल्ला असं धरतो, आणि आपण काही नुसता पाव किंवा नुसता मसूर खात नाही. बटाट्याबरोबर काय खाल्लं, किती खाल्लं, किती मऊ शिजवला, याने आकडा हलतो. तक्ता बाजूला पडला आणि माझं जेवण सुधारलं.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं मात्र मी कुणालाही आग्रहाने सांगेन. हलणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर घेतो, त्यामुळे चढ बोथट होतो. धावाधाव नको. खाल्ल्यानंतर दोन-अडीच तासांनी जोराचा व्यायाम केला तर माझ्या बाबतीत तो उताराला हातभारच लावतो.

"दर दोन तासांनी थोडं थोडं खा" हा सल्ला सगळ्यांत जास्त दिला जातो आणि मला तो सगळ्यांत कमी मानवला. सतत डबा, सतत घड्याळ, खाणं चुकलं तर काय या धास्तीत दिवस जातो. शिवाय दर दोन तासांनी बिस्किटंच खाल्ली तर दिवसभर छोटे छोटे चढ-उतार, एवढंच. तीन नीट जेवणं आणि मधे एखादं प्रथिनांचं खाणं माझ्या अंगवळणी पडलं. ज्यांच्या जठराची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना मात्र लहान लहान खाणीच लागतात, तिथे माझं मत चालायचं नाही.

मद्याविषयी दोन ओळी, कारण बहुतेकांना हे ठाऊक नसतं. सफरचंदाचा निबंध आला त्याच वर्षी त्याच 'लॅन्सेट'मध्ये जिन आणि टॉनिकवर एक निबंध आला होता. गोड पेयात मिसळलेलं मद्य रिकाम्या पोटी घेतलं की पुढे साखर खाली जाते. गोडामुळे इन्सुलिन उसळतं आणि मद्य यकृताला नवी साखर घडवू देत नाही. कॉफीचं वेगळंच. तिच्याने थरथर आणि धडधड अशीही होते, त्यामुळे रिकाम्या पोटी कडक कॉफी घेतली की घंटा साखरेची की कॉफीची, हे ओळखणं अवघड जातं.

तरीही त्रास होतोच कधी कधी. तेव्हा मन ओरडून चॉकलेट मागतं आणि ते खाल्लं की पाच-दहा मिनिटांत बरंही वाटतं. पण तोच पुढच्या उताराचा पाया असतो. दुपारी तीनला गोड, पाचला पुन्हा गळाठा, पुन्हा गोड, असे माझे कित्येक दिवस गेले आहेत. आता सौम्य त्रासाला मी दूध किंवा मूठभर दाणे आणि एखादं फळ घेते, थोडं थांबते. खरोखर डोकं गरगरत असेल, शब्द सुचत नसतील, तर मात्र शहाणपणा बाजूला ठेवून साखर घ्यायची, साधारण १५ ग्रॅम, बसून, गाडी चालवत असाल तर कडेला थांबवून. बरं वाटल्यावर लगेच काहीतरी प्रथिनयुक्त खायचं, नाहीतर तीच साखर परत खाली ओढते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे दूध-दाण्यांचं तंत्र वापरू नये. त्यांना आधी साखरच हवी.

मधे मी दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सरही लावून पाहिला. आलेख पाहण्याची मजा औरच असते. भाताआधी डाळ खाल्ली आणि टेकडी बसकी झालेली डोळ्यांनी दिसली, तेव्हा मला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं. पण सेन्सर रक्त मोजत नाही, पेशींमधला द्रव मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे चालतो. कमी आकड्यांत तो भरवशाचा कमी. झोपेत त्या कुशीवर वळलं की दाबाने खोटी घसरण दाखवतो. आणि निरोगी माणसंही अधूनमधून ७०च्या खाली जातात, ती काही आजारी नसतात. मी घास हातात घेऊन फोन बघू लागले. एका संध्याकाळी गाजर खावं की नाही यावर मी बराच वेळ विचार केला आणि मग सेन्सर काढून टाकला. जेवणाचा आकार कळला होता, आकडे आता नको होते.

एक गोष्ट मात्र अशाच आलेखांनी पक्की केली होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हजारावर माणसांना सेन्सर लावले होते. ज्यांची साखर खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांनी मूळ पातळीच्या खाली जास्त उतरे त्यांना भूक लवकर लागे, ती जास्त लागे, आणि दिवसभरात ती माणसं जास्त खात. मधुमेहाशी याचा संबंध नव्हता. पूर्वी 'मनावर ताबा नाही' असं ज्या चरण्याला म्हणत, त्यातलं काही तरी या उतारात होतं, एवढं वाचून माझा स्वतःवरचा राग बराच ओसरला.

आता त्या तीन तासांनंतरच्या धडपडी क्वचित होतात आणि झाल्या तर बहुधा आधीच्या ताटाकडे बोट दाखवता येतं. थकवा मात्र तितका आज्ञाधारक निघाला नाही. निम्म्याहून जास्त गेला, उरलेला साखरेचा नाहीच. दुपारी दोन-तीनच्या सुमारास शरीराच्या घड्याळातच एक मंदी असते. दुपारचं जेवण न घेतलेल्या माणसांनाही ती येते. परवा अशाच पेंगत्या दुपारी मी सवयीने बोटाला टोचून पाहिलं. मीटरवर ९२ दिसले. न्याहारी व्यवस्थित झाली होती, जेवणानंतर चालूनही आले होते. आदल्या रात्री मात्र मी दीड वाजेपर्यंत जागी होते.